शब्दवही, नाब्लुस : कामाच्या नोंदी (सप्टेंबर ते डिसेंबर २०१९)

१५ सप्टेंबर २०१९, रविवार

पोचले एकदाची. सकाळी सातला अम्मानहून निघाले आणि वेस्ट बँकेतल्या नाब्लुसला टेकले संध्याकाळी साडेपाचला. अंतर म्हणाल तर पुणे-सातारा, पण मधे पूल आहे. पुलाला तीन नावं आहेत, जॉर्डनवाले किंग हुसेन म्हणतात, इस्रायली अ‍ॅलनबी म्हणतात आणि पॅलेस्टिनी लोक अल-करामा, म्हणजे वहीतली पहिली नोंद आयतीच मिळाली की, वस्तू एक आणि शब्द तीन, कोण बोलतंय त्यावर सगळं.

सरांनी नोंदी रोज लिहायला सांगितल्यात, मी जमेल तशा लिहिणार. काम दोन प्रकारचं आहे. दुपारी बलाता या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या कॅम्पमधल्या एका सेंटरवर मुलांना इंग्लिश शिकवायचं, ही व्हॉलंटियरिंगची बाजू. उरलेल्या वेळात माझा स्वतःचा प्रकल्प, पॅलेस्टिनी बोलीतल्या ६०० शब्दांची वही, सगळी देवनागरीत, मराठी माणसाला इंग्लिशच्या दारातून न जाता वाचता यावी अशी. तीन महिन्यांचा व्हिसा आहे, तेवढ्यात बसवायचं.

१८ सप्टेंबर, बुधवार

पहिलाच तास आणि पहिलीच फजिती. पुण्यात वर्षभर सर्टिफिकेट कोर्स केला ती फुस्हा, म्हणजे पुस्तकी अरबी. मी मोठ्या तयारीत वर्गात तीन वाक्यं म्हटली आणि पोरं बाकावरून पडायची राहिली. एक जण म्हणाला, मिस तू कार्टूनसारखी बोलतेस! मला आधी राग आला, मग कळलं की तो अगदी खरं बोलत होता, टीव्हीवरची डब केलेली कार्टून्स फुस्हात असतात, बाकी घरात रस्त्यात असं कोणीच बोलत नाही. मी 'उरीदु अन अश्तरिय खुब्झन' म्हणते म्हणजे किराणा दुकानात जाऊन 'मला पाव खरेदी करण्याची इच्छा आहे' म्हटल्यासारखं. इथे 'बिद्दी खुब्झ' म्हणतात, दोन शब्द, संपलं.

पुण्याचं इथे बुणे झालंय. अरबीत प नाही. ज्या गावात बसून हे लिहितेय त्याचीही तीच गत आहे म्हणा, रोमन लोकांनी वसवलं तेव्हा निआपोलिस होतं, नवं शहर, त्यातला प गेला ब आला आणि नाब्लुस उरलं. तेव्हा बुणेचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पोरांनी मला 'तम्र हिंदी' नाव ठेवलंय, हिंदी खजूर, म्हणजे आपली चिंच. इथे तिचं सरबत पितात.

२२ सप्टेंबर, रविवार

लिपीचा निर्णय झाला, लिहून ठेवते नाहीतर परत बदलेन. क़ ख़ ग़ ला नुक्ता. जाड त, जाड स, जाड द यांच्या खाली रेघ. अडकलं होतं ते 'ऐन' वर, घशाच्या तळातून येणारा आवाज, देवनागरीत त्याला जागाच नाही, आणि दुसरा तो घासून काढलेला ह. सेंटरवरची एक ताई व्हॉट्सअ‍ॅपवर रोमनमधे अरबी टाइप करते तेव्हा ऐनसाठी सरळ ३ चा आकडा टाकते आणि त्या ह साठी ७, इथली सगळी तरुण मंडळी असंच करतात. मग म्हटलं आपण तरी कशाला डोकं फोडायचं. तर ऐन = ३, घाशीव ह = ७. सबा७ अल-ख़ेर. या३तीक अल-३आफ्ये. दिसायला गणिताच्या वहीसारखं दिसतं पण वाचता येतं.

२९ सप्टेंबर, रविवार

ताप. ४७ शब्द. बाकी एवढंच, की किराणावाल्याच्या वहीतला अरबी पाच हुबेहूब आपला शून्य असतो. मी १५ शेकेलच्या जागी १० ठेवून निघाले होते, त्याने हाक मारली नाही, शेजारच्या पोराला मागे पाठवलं. शेकेल म्हणजे वीसएक रुपये, फार नव्हते, तरी मान खाली गेली.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज प्रकल्प बदलला असं म्हणायला हरकत नाही.

वर्गातल्या एका मुलीने, वय बारा, घरी नेलं. बलाता कॅम्प म्हणजे पाव चौरस किलोमीटर, त्यात पंचवीस हजारांहून जास्त माणसं, १९५० मधे तंबू लावले तेव्हाची जागा तेवढीच आहे, फक्त घरं वर वर चढत गेली. काही बोळांत समोरून माणूस आला तर एकाने आडवं व्हायचं. तिची आजी खाली पहिल्याच खोलीत बसलेली असते, सगळे हज्जे म्हणतात, मीही तेच म्हणते. तिने मला बघितलं आणि म्हणाली, 'चीफ ७ालिच, या सित्ती?' म्हणजे कशी आहेस.

आता यात दोन गोष्टी. एक म्हणजे सित्ती म्हणजे माझी आजी. ऐंशीला टेकलेली बाई मला आजी म्हणतेय! नंतर कळलं इथे अशीच रीत आहे, आई लेकराला 'यम्मा' म्हणते, बाप मुलाला 'बाबा' म्हणतो, ज्याने हाक मारली त्याचंच नातं समोरच्याला चिकटतं. आपण नाही का पाच वर्षांच्या पोराला अरे बाबा म्हणत, फक्त हे लोक ते सगळ्या नात्यांत करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तो च. पुस्तकात 'कैफ', शहरात 'कीफ', आणि हज्जेच्या तोंडी चक्क 'चीफ', चहातला च. मी दोनदा विचारून घेतलं. ती लिद्दकडच्या एका खेड्यातली. १९४८ च्या युद्धात, जुलैत, लिद्द (आताचं इस्रायलमधलं लोद) आणि रामले ही शहरं रिकामी केली गेली, आसपासची खेडीही त्याच सुमारास, बलातातली बरीचशी घरं त्या भागातली नाहीतर याफाकडची आहेत. ती तेव्हा आठ वर्षांची होती. गाव गेलं त्याला एकाहत्तर वर्षं झाली आणि च अजून तोंडात आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

हा च एकटा येत नाही. आज तासभर बसून हज्जेकडून जोड्या घेतल्या. शहरात क़ चा पार गिळून टाकलेला अ होतो, कॉफी म्हणजे क़हवा ती 'अहवे'. हज्जेच्या खेड्यात क़ चा साधा क होतो, 'कहवे'. बेदुइन लोक 'गहवे' म्हणतात. आणि खेड्यात क़ येऊन क च्या जागेवर बसला म्हणून मूळचा क उठून च झाला, लोकलमधे एक जण सरकला की पुढचा सरकतो तसं.

एवढं नीट समजून उमजून मी जुन्या शहरात बेकरीत गेले आणि भाव मारायला म्हणून मालकाला म्हटलं की नाब्लुस माझ्या काळजात आहे, 'फी कल्बी'. तो माझ्याकडे बघत राहिला. कारण शहरात काळीज म्हणजे 'अल्ब', आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. हज्जेच्या बोलीत काळीज 'कल्ब' आणि कुत्रा 'चल्ब', तिथे माझं वाक्य बरोबर होतं. नाब्लुस माझ्या कुत्र्यात आहे असं मी एका खानदानी नाब्लुसी माणसाला सांगून आले. मग तो इतका हसला की बाकीचे आत आले, आणि म्हणाला कोणी शिकवलं तुला, कॅम्पमधल्या कोणा फल्ला७ाने? फल्ला७ म्हणजे शेतकरी. शब्द साधा आहे पण म्हणण्याची एक तऱ्हा असते. पैसे घेतले नाहीत त्याने, आणि तरी मला ते वाक्य लागलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दोन्हीकडे चालणाऱ्या शब्दांची वेगळी शीट केली. वाटलं होतं हे काम सोपं, शब्द आपल्याकडे फारसीच्या हातून आलेत, अर्थ तोच असणार. कुठलं काय. 'तकरार' म्हणजे इथे पुनरावृत्ती. मी ताईला म्हणाले की माझी थोडी तकरार आहे, तर तिने आधीचं सगळं परत हळू सांगितलं. 'ग़रीब' म्हणजे परका, नाहीतर विचित्र. 'फ़ुर्स़ा' म्हणजे संधी, आपली फुरसत नव्हे. 'मज़बूत' म्हणजे बरोबर, नेमकं, आणि कॉफीच्या बाबतीत मध्यम साखरेची, मी कडक मिळेल म्हणून आठवडाभर मज़बूत मागतेय आणि गोड पितेय. 'हजर' मात्र फार गोड निघाला, 'हादिर', कोणी काम सांगितलं की उत्तर द्यायचं हादिर, आलोच, करतोच. 'साबून' इथे जरा जास्तच महत्त्वाचा कारण नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण प्रसिद्ध आहे, वड्या कापून माणसाहून उंच पोकळ मनोरे रचून वाळवतात. (आपला साबण अरबांकडून आला की पोर्तुगीजांकडून यावर लोक भांडतात, मी त्यात पडत नाही.)

'वतन' पाशी थांबले. आपल्याकडे वतन म्हणजे पाटलाचं कुलकर्ण्याचं, जमीन आणि हक्क, ज्यावरून भाऊबंद कोर्टात जातात. इथे वतन म्हणजे देश. एका रकान्यात दोन्ही लिहिलं आणि पुढे गेले.

व्याकरणाचं एक सापडलंय ते सरांना खास सांगायचंय. इथे 'अहमदला' म्हणायचं तर 'ल-अहमद'. तोच ल, तोच अर्थ, फक्त आपण मागे लावतो ते पुढे. संबंध काही नाही, निव्वळ योगायोग, पण मी त्यानंतर ती चूक कधी केली नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस ऑलिव्ह तोडायला नाब्लुसच्या दक्षिणेकडच्या एका गावात. हात सोललेत, टाइप करतेय ते दोन बोटांनी.

पहिला पाऊस पडून फळांवरची धूळ गेली की सुरू करायचं अशी जुनी पद्धत. झाडाखाली ताडपत्र्या अंथरायच्या, मग फांदी मुठीत धरून खाली ओढत न्यायची, म्हशीची धार काढल्यासारखं, फळं टपटप पडतात. काठीने झोडपलं तर लवकर होतं पण पुढच्या वर्षीचे कोंब मोडतात म्हणून आजोबा कोणाला काठी लावू देत नाहीत. आमच्याकडे आंब्याला एक वर्षाआड मोहर धरतो तसं इथेही आहे, भरपूर फळाच्या वर्षाला 'मासिये' म्हणतात आणि उताराच्या वर्षाला 'शलतूने', हे दोन्ही शब्द मला कोर्समधे जन्मात मिळाले नसते. यंदा मासिये. जेवायला तिथेच झाडाखाली चुलीवर टोमॅटो परतलेले, लबने, तेल आणि झा३तर, वर मरामिये घातलेला चहा, मरामिये म्हणजे सेजची पानं, पहिल्यांदा औषधासारखी लागतात आणि तिसऱ्या कपाला त्याशिवाय चहा नको वाटतो.

रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस 'या३तिकुम अल-३आफ्ये' म्हणून जातो, देव तुम्हाला बळ देवो, काम करणाऱ्या माणसाला हे म्हणायचंच, आणि आपण 'अल्ला य३ाफीक' म्हणायचं. पन्नास वेळा म्हटलं असेल. मराठीत याला शब्द नाही, आपण काम करणाऱ्याला 'काय, चाललंय का?' म्हणतो.

वरच्या बाजूची वीसएक झाडं मात्र तोडली नाहीत. ती टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीला लागून आहेत, तिथे जायला लष्कराशी 'तनसीक' करावं लागतं, म्हणजे आधी ठरवून दिलेले दिवस. यंदा त्यांच्या वाट्याला कोणते दिवस येणार ते अजून कळलं नव्हतं. तनसीक म्हणजे पुस्तकात समन्वय. इथे लहान पोरंही हा शब्द वापरतात, आणि आजोबा तो असा उच्चारतात की मी भाषांतराच्या रकान्यात नुसतं समन्वय लिहिलं तर खोटं होईल. सध्या 'परवानगीचे दिवस' असं लिहिलंय.

संध्याकाळी मा३सरावर, घाण्यावर. पिवळे डबे रांगेत, एका तनकेत, म्हणजे डब्यात, सोळा किलोच्या आसपास तेल. ताजं तेल पावाला लावून देतात, हिरवंगार, घशाला मिरचीसारखं झोंबतं. मी खोकले तर सगळे खूश. खोकला आला म्हणजे तेल चांगलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

लक्ष्मीपूजन. रवा इथे उत्तम मिळतो, रव्याचे लाडू केले, हज्जेकडे नेले. तिने खाऊन निकाल दिला की ही हरीसेच आहे फक्त पाक घालायचा राहिला. रात्री घरी व्हिडिओ कॉल, नेटवर्क गेलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री दोनच्या सुमाराला कॅम्पमधे 'जेश' आलं. जेश म्हणजे सैन्य, कोणाचं हे इथे सांगावं लागत नाही. मी शहरात राहते, मला लांबून आवाज आले फक्त. आज वर्गात अठरापैकी सात. आलेल्यातली दोन बाकावर झोपली, मी उठवलं नाही. आर्टिकल्स शिकवायची होती, नाही शिकवली, चित्रं काढली.

शब्द : आज एकही घेतला नाही. पोरं स्वतःहून सांगत होती, कुठल्या आवाजाला काय म्हणतात ते अगदी उत्साहाने सांगत होती, तर मी वही बंद केली. बरोबर केलं का माहीत नाही. सरांना विचारायचंय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

वहीत नवा रकाना, 'कोण बोललं'. आधी असा रकाना नव्हता, एक शब्द एक उच्चार असं धरून चालले होते, पण आता एकेका शब्दापुढे तीन तीन उच्चार झालेत आणि त्यातला बरोबर कुठला हा प्रश्नच चुकीचा आहे. पण रकाना केला आणि त्यावरूनच वाजलं.

ती बारा वर्षांची मुलगी मला मदत करते, रेकॉर्डर धरते, आजीचं शहरी बोलीत करून सांगते. तिच्याकडे तीन अरबी आहेत, धडा वाचताना घट्ट क़, मैत्रिणींशी शहरी अ, आणि आजीशी भांडताना सरळ च. माझ्या लक्षात आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला, आणि मी तिला म्हटलं की तुझं आजीशी भांडण रेकॉर्ड करूया, तर ती गप्प झाली, मग म्हणाली की माझ्या नावापुढे च लिहू नको. शाळेतल्या मुली हसतात.

मला काय बोलावं कळेना. कारण मी स्वतः पुण्यात पहिल्या सेमिस्टरला 'पानी' सोडलं होतं. हॉस्टेलमधे एकीने तीन दिवस नक्कल केली आणि चौथ्या दिवसापासून माझं पाणी झालं, घरी गेले की परत पानी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आणि भाषाविज्ञानाच्या वर्गात तर मुळीच नाही, तिथे सगळ्या बोली समान असतात.

तर नावं काढली. आता आ-१ (हज्जे), आ-२, मु-१ (ही मुलगी). मु-१ च्या तोंडचा एकही च वहीत नाही. डेटा म्हणून अपुरं आहे, ठीक आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज हज्जेने मला विचारलं, तू कुठली. म्हटलं बुणे. ती म्हणाली ते राहतेस तिथलं झालं, 'अस्ल' कुठलं? कॅम्पमधे या प्रश्नाची कायम दोन उत्तरं असतात, पाच वर्षांचं पोर सुद्धा राहतो बलातात आणि आहे याफाचा असं सांगतं. मग मी सांगितलं की माझी आजी कोयनेच्या खोऱ्यातली, धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, सगळ्यांना उठवून रायगड जिल्ह्यात आणून बसवलं, मी तिथे वाढले. मोडक्या अरबीत धरण समजावायला दहा मिनिटं गेली.

माझ्या मनात धाकधूक होती की ही तुलना आगाऊपणाची वाटेल. आमच्या लोकांना दुसरीकडे का होईना जमीन मिळाली, मतदान करतो, पासपोर्ट आहे, कुठे आमचं आणि कुठे यांचं. पण तिला तुलनेत काही रस नव्हता. तिचे प्रश्न सरळ होते. पैसे दिले? थोडे. कागद दिला? दिला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. 'कार्त या३नी,' ती म्हणाली, म्हणजे कार्डच की, आणि उशीखालून तिने तिचं काढून दाखवलं, रेशनचं जुनं कार्ड, कार्त अल-मुअन, घडीवर फाटलेलं. मग विचारलं, बघायला जाता येतं का? म्हटलं लाँच सुटते, पण बघायला पाणीच आहे. यावर ती जरा विचारात पडली.

ती स्वतः एकदा जाऊन आली, १९६७ नंतर काही वर्षं जाता येत होतं तेव्हा, नवऱ्याबरोबर. घर नव्हतं. बय्यारा नव्हती. विहीर होती.

'बय्यारा' मी पहिल्यांदा ऐकला. मु-१ ला विचारलं तर तिला नीट सांगता येईना, बाग असते ती, म्हणाली, संत्र्यांची, म्हणजे शब्द माहीत आहे पण बघितलेली नाही. हज्जेने हाताने दाखवलं, इथे बीर, विहीर, इथून पाट, हे संत्र्याचे वाफे. बीर वरून बय्यारा. मी बाग लिहिलं, खोडलं. बागेला विहीर असतेच असं नाही. मग एकदम सुचलं, हा तर मळा! विहिरीच्या पाण्यावरची जमीन, दुसरा शब्दच नको. आणि मळा मधला ळ अरबीत नाही, हज्जेला दहा वेळा म्हणून दाखवला, तिचा मला, मला होत राहिला.

३ डिसेंबर, मंगळवार

हिशोब. ६३१ शब्द. तपासून झालेले ४९०. रेकॉर्डिंग अकरा तास. एक प्रत पेनड्राइव्हवर सेंटरला, एक हज्जेच्या नातवाकडे. माझ्या फोनवरचं सगळं पुसलं, पुलावर फोन उघडून बघतात असं सगळेच सांगतात, आणि आत बोलणारी माणसं इथेच राहणार आहेत. सेंटरने नंतर मेल करायचं कबूल केलंय. कागदी वही माझ्याबरोबर.

मु-१ ने जाताना पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, आता कार्टूनसारखी नाही बोलत, हज्जेसारखी बोलतेस. मला वाटलं कौतुक आहे, तिने नाक मुरडलं.

८ डिसेंबर, रविवार

पूल. बॅग दोनदा तपासली. वही एकाने चाळली, उलटीकडून, मग सुलटीकडून. कुठली भाषा? मराठी. मग हे काय, मधे मधे तीन, मधे मधे सात? म्हटलं उच्चाराच्या खुणा आहेत. त्याने अजून एकाला बोलावलं, दोघांनी बघितलं, कोड वगैरे वाटलं असावं. मला एक ओळ वाचून दाखवायला सांगितली. जी उघडली होती तीच वाचली, या३तीक अल-३आफ्ये, आणि दुसरा जो होता तो सवयीने 'अल्ला य३ाफीक' म्हणून मोकळा झाला. वही मिळाली. बसायला लावलं ते मात्र अजून दोन तास.

अम्मानला रात्री पोचले. हॉटेलच्या वायफायवर शीट उघडली, मेल अजून आलेला नाही. १४१ शब्द तपासायचे राहिलेत. ओळ ६३१, बय्यारा, अर्थ मळा, कोण बोललं : आ-१. शहरी उच्चाराचा रकाना रिकामा आहे, तो कोणाला विचारायचा राहून गेला.